तांदळाचं पोतं, दहा रुपयांचं तिकीट आणि आठ महिने

हे लिहायला मी दोन महिने टाळाटाळ केली, पण शेजारच्या गावातल्या दोन जणींनी विचारलं की शाळेच्या खिचडीच्या हिशोबासाठी माहितीचा अर्ज कुठे करायचा, काय लिहायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी शिवणकाम करते, मराठवाड्यातलं आमचं गाव तालुक्यापासून १८ किलोमीटर, माझी मुलगी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीत आहे. माहितीचा अधिकार वगैरे मी आधी फक्त पेपरात वाचलं होतं.

सुरुवात २७ जुलै २०२४ च्या पालकसभेत झाली. शनिवार होता, पाऊस होता, तरी तीसेक पालक आले होते. शाळा व्यवस्थापन समिती नव्याने करायची होती, आणि कायद्याने समितीत पाऊणशे टक्के पालक आणि निम्म्या बायका लागतात म्हणून माझं नाव कुणीतरी घेतलं आणि मी हो म्हणाले. त्याच सभेत खिचडीचा विषय निघाला. म्हणजे सरकारी कागदावर तिचं नाव पीएम पोषण आहे, २०२१ पासून, पण गावात अजून सगळे खिचडीच म्हणतात. पोरं दुपारी घरी येऊन पुन्हा भाकरी मागतात, खिचडी पुरत नाही, दुसऱ्यांदा मागितली तर संपली म्हणतात. मागून एकजण मोठ्याने म्हणाला, तांदूळ जातो कुठे ते सरांना विचारा. सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक, ते खाली बघत होते. मला ते दृश्य नीट आठवतंय कारण मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, की हे खाली बघतायत म्हणजे काहीतरी आहे.

मला हा विषय जिव्हाळ्याचा आहे. मी स्वतः अशाच शाळेत शिकले, तेव्हा शिजवलेलं मिळत नव्हतं, १९९५ ला योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे, हजेरी ऐंशी टक्के भरली तर. ती कापडी पिशवी डोक्यावर घेऊन घरी जायचे आणि आई त्या दिवशी भात टाकायची. नंतर सुप्रीम कोर्टाने २८ नोव्हेंबर २००१ ला सांगितलं की शाळेत शिजवूनच द्या, तेव्हापासून हे ताट पोराच्या हक्काचं आहे, कुणाच्या उपकाराचं नाही. म्हणून ते अर्धं भरलेलं दिसलं की आत कुठेतरी लागतं.

५ ऑगस्टला सोमवारी मी शाळेत गेले आणि सरांना म्हटलं की समितीची सदस्य म्हणून मला पोषण आहाराच्या वह्या बघायच्यात. मला वाटलं होतं टाळतील. त्यांनी कपाट उघडलं आणि सगळ्या वह्या समोर ठेवल्या, साठ्याची, रोजच्या हजेरी आणि खर्चाची, आणि चवीची. चवीची वही म्हणजे मुलांना वाढायच्या आधी शिक्षक आणि एखादा पालक खाऊन बघतात आणि सही करतात ती. हे नियमातच आहे, आणि कुठलाही पालक जाऊन चव बघू शकतो, तुमच्या शाळेत आजपर्यंत गेला नसाल तर आधी तेच करा, त्याला अर्ज लागत नाही.

पहिली ते पाचवी मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवी १५० ग्रॅम. आमच्याकडे पाचवीपर्यंतच आहे, पट ६८, रोजची हजेरी साधारण ५८. म्हणजे दिवसाला पाच किलो आठशे ग्रॅम. वहीत रोज बरोबर तेवढे वजा केलेले. त्या दिवशी वहीप्रमाणे शिल्लक ५७ किलो होती. मी म्हटलं मोजूया. तांदूळ सगळा कोठीत सुटाच होता, किराणा दुकानातून काटा आणला, बादलीने काढून काढून मोजला, भरला ४१ किलो. सोळा किलो कमी.

सर म्हणाले, ताई, मला पण कळत नाही, मी वहीत हजेरीप्रमाणे लिहितो. मी काही बोलले नाही पण मनात पक्कं झालं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की चोर सापडला. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढचे चार महिने मी त्या माणसाशी धड बोलले नाही आणि ते चूक होतं.

त्याच दिवशी अजून एक गोष्ट दिसली होती पण तिचा अर्थ तेव्हा लागला नाही. शाळेच्या खात्याच्या पासबुकात इंधन आणि भाजीपाल्याचे शेवटचे पैसे फेब्रुवारीचे होते, त्यानंतर काहीच नाही. ही योजना कशी चालते ते थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं समजेल. तांदूळ केंद्राकडून येतो. बाकी खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा वाटून घेतात, तेव्हा पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला ५ रुपये ४५ पैसे होते, १ डिसेंबर २०२४ पासून ६ रुपये १९ पैसे झाले. आमच्यासारख्या खेड्यातल्या शाळेत तांदूळ, डाळ, तेल, मसाला हे ठेकेदार टेम्पोने आणून टाकतो आणि त्याचे पैसे त्याला वरूनच मिळतात. शाळेच्या खात्यावर येतात फक्त गॅस आणि भाजीचे. आणि ते आले नाहीत तरी खिचडी बंद ठेवता येत नाही. भाजीवाला उधार देतो तोवर उधार, नाहीतर मुख्याध्यापकाचा खिसा.

म्हणजे दोन हिशोब वेगवेगळे आहेत, मालाचा आणि पैशाचा, आणि दोन्हीचे कागद शाळेत अर्धेच असतात. उरलेले पंचायत समितीत. तिथे पोषण आहाराचे वेगळे अधीक्षक असतात. १२ ऑगस्टला गेले, साहेब मीटिंगला. १३ ला पुन्हा, साहेब दौऱ्यावर. तिथल्या एका क्लार्कने चांगल्या शब्दात सांगितलं की मॅडम तोंडी काही मिळणार नाही, लेखी द्या.

१६ ऑगस्टला पहिला माहिती अर्ज दिला. नमुना जोडपत्र अ, झेरॉक्सच्या दुकानात छापील मिळतो. त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, तालुक्यात त्या दिवशी दहाचं तिकीट संपलं होतं म्हणून तहसीलजवळ तीन ठिकाणी फिरले, तेव्हा मिळेल तेव्हा चार-पाच घेऊन ठेवा. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी लागत नाही पण त्याची प्रत जोडावी लागते. आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच म्हणजे सगळं, ती नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नाही.

मी त्या अर्जात सगळं कोंबलं होतं. तांदूळ किती आला, पैसे का नाही आले, स्वयंपाक करणाऱ्या मावशींचं मानधन किती, ठेका कुणाला, चौकशी करा आणि कारवाई करा. दोन पानं भरली. ९ सप्टेंबरला पोस्टाने उत्तर आलं, अर्ज एका विषयाचा नाही आणि १५० शब्दांच्या वर आहे, सबब निकाली. गौरी बसायच्या आदल्या दिवशी ते पाकीट आलं आणि मी फराळाचं अर्धं टाकून रडत बसले. वाटलं सोडून द्यावं.

सोडलं नाही ते आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त ग्रामसेवक काकांमुळे. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, पोरी, त्यांचं बरोबर आहे, महाराष्ट्राच्या नियमात तसंच आहे, एक अर्ज एक विषय, दीडशे शब्द. आणि का, कशामुळे, कारवाई करा असं लिहायचं नाही, कागद मागायचा. कागदाला नाव असतं, ते नाव लिही. त्यांनी मला बसवून नवीन मजकूर करून घेतला, तो असा होता: अमुक शाळेला जून २०२३ ते ऑगस्ट २०२४ या काळात पुरवलेल्या तांदूळ व धान्यादी मालाच्या पोहोच पावत्या, पुरवठादाराची त्या शाळेसंबंधीची देयके आणि पुरवठ्याचा करारनामा यांचं निरीक्षण करायचं आहे व निवडलेल्या पानांच्या प्रती हव्या आहेत. बस, एवढंच. निरीक्षण हा शब्द महत्त्वाचा, कारण आधी बघून मग लागतील तीच पानं घेता येतात, पानाला दोन रुपये पडतात, आणि बघण्याचा पहिला तास फुकट असतो.

१८ सप्टेंबरला हा दुसरा अर्ज दिला. तीस दिवस म्हणजे १८ ऑक्टोबर. मध्ये १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि ऑफिसात प्रत्येकजण तेच कारण सांगायला लागला, पण माहितीच्या अधिकाराची मुदत आचारसंहितेने थांबत नाही, हे मला काकांनी सांगितलं होतं म्हणून मी शांत बसले. १८ तारीख गेली, उत्तर नाही. मग अपील. मुदत संपल्यापासून तीस दिवसांच्या आत करायचं असतं, मी दिवाळी करून ११ नोव्हेंबरला केलं. जोडपत्र ब, वीस रुपयांचं तिकीट, सोबत अर्जाची आणि पोचेची झेरॉक्स.

या मधल्या काळात गावात काय झालं तेही लिहायला पाहिजे. दोघांनी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की वहिनींना आवरा, शाळा बंद पाडतील. एकीने शिवायला दिलेलं ब्लाऊज परत नेलं. आणि शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशी मला टाळायला लागल्या, मला त्याचंच जास्त वाईट वाटलं, कारण त्या मुलांचं किती प्रेमाने करतात ते मी बघते. नोव्हेंबरच्या शेवटी एक दिवस मीच चव बघायला म्हणून गेले आणि त्यांच्याजवळ चुलीपाशी बसले. सहज विचारलं, मावशी, तांदूळ मापाने घेता का. त्या म्हणाल्या, मापाने घेतला तर महिना जाईल का बाई, मी कोठी बघून घालते. शिल्लक कमी दिसली की दोन वाट्या कमी घालते आणि पाणी वाढवते. टेम्पो यायच्या आधी पंधरा दिवस असंच करावं लागतं दरवेळी.

तिथे मला पहिल्यांदा लख्ख दिसलं. कमी पडणारा तांदूळ कोठीत थोडाच कमी दिसत होता, उरलेला पोरांच्या ताटातून रोज थोडा थोडा कमी होत होता, आणि वही मात्र ५ किलो ८०० ग्रॅमच लिहीत होती. म्हणून घट सोळाच किलो दिसली. पण मुळात कमी का पडतो, ते अजून कळलं नव्हतं.

अपिलाची सुनावणी १० डिसेंबरला झाली. मी पोटात गोळा घेऊन गेले होते, कोर्टासारखं असेल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात एक टेबल, तिकडे अपील ऐकणारे अधिकारी, इकडे मी आणि बाजूला माझ्या अर्जाला उत्तर द्यायचं होतं ते माहिती अधिकारी. पंधरा मिनिटं. मी फक्त तारखा सांगितल्या, अर्ज कधी, तीस दिवस कधी संपले. कुणाबद्दल काही वाईट बोलले नाही, हेही काकांनी बजावलं होतं. आदेश झाला की दहा दिवसांत निरीक्षण द्या आणि मुदत टळल्यामुळे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(६) प्रमाणे प्रती विनामूल्य द्या.

निरीक्षणाला सोमवार १६ डिसेंबर, दुपारी तीनची वेळ मिळाली. सोमवारवरून एक महत्त्वाचं. २६ नोव्हेंबर २०१८ चा शासनाचा निर्णय आहे, त्याप्रमाणे जिल्ह्यातल्या कार्यालयांमध्ये दर सोमवारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना कागदपत्रं बघायला द्यायची आहेत, सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. पुणे महापालिकेत हे त्याच्याही आधीपासून चालू होतं. मला हे डिसेंबरात कळलं, ऑगस्टमध्ये कळलं असतं तर आधी तोच मार्ग धरला असता. त्या निर्णयाची एक प्रत पर्समध्ये ठेवा.

फाईल जाडजूड होती. आमच्या शाळेच्या सगळ्या पावत्या एकापाठोपाठ एक, दर दोन महिन्यांनी पाच पोती, २५० किलो, २५० किलो, २५० किलो. कधी २४८ नाही, कधी २५१ नाही. प्रत्येकावर खाली छापलेलं, माल वजन करून मिळाला, आणि त्याखाली सरांची सही. करारनाम्यात अट होती की पुरवठादाराने वजनकाटा सोबत आणून शाळेत माल मोजून द्यायचा. आमच्या शाळेत काटा आलेला मी तर कधी पाहिला नव्हता, मी सदस्य व्हायच्या आधीही शिवणाच्या मशीनवरून मला शाळेचं फाटक दिसतं, टेम्पो येतो, पोती पडतात, दहा मिनिटांत जातो. ४२ पानांच्या प्रती घेतल्या, ८४ रुपये झाले असते, आदेशामुळे काही द्यावं लागलं नाही.

पैशाचे कागद माझ्या अर्जात नव्हते, पण त्या क्लार्कनेच दुसरी फाईल काढून दाखवली. आमच्या शाळेची उपयोगिता प्रमाणपत्रं, म्हणजे आधीचे पैसे खर्च केल्याचे दाखले, वेळेवर आलेली होती, तालुक्याने मागणीही वर पाठवलेली होती, निधीच आलेला नव्हता. आणि सरांचं एक पत्र होतं, सप्टेंबरमधलं, की इंधन भाजीपाल्याचे १४,३६० रुपये मी स्वतः आणि उधारीवर भागवले आहेत, कृपया मिळावेत. मी ते पत्र दोनदा वाचलं. गावाला त्यांनी यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

संध्याकाळच्या एसटीने येताना सरळ त्यांच्या घरी गेले आणि माफी मागितली. म्हटलं, सर, मी तुमच्यावर संशय घेतला. ते म्हणाले, ताई, माझं पण चुकलं, मी न मोजता सही करायचो, टेम्पोवाला घाईत असतो, वर्गावर पोरं गोंधळ करत असतात, नाही म्हटलं तर माल परत नेतील आणि उद्या शिजवायचं काय ही भीती. त्यांच्या बायकोने चहा केला. त्या दिवशी ठरलं की पुढचा टेम्पो मोजल्याशिवाय सोडायचा नाही.

टेम्पो ७ जानेवारी २०२५ ला आला. आडत दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा आधीच आणून ठेवला होता, समितीचे आम्ही चौघे होतो. ड्रायव्हर पोरगाच होता, म्हणाला, ताई, अजून अकरा शाळा आहेत, सगळ्यांनी असं मोजत बसलं तर रात्र होईल. मी म्हटलं, दादा, पाचच पोती आहेत, तू पाणी पी. पहिलं पोतं काट्यावर ठेवलं, ४८.२. सगळे गप्प. दुसरं ४७.९. मग ४९.१, ४८.६, ४७.७. पाचव्या पोत्याच्या कोपऱ्यात शिवण उसवून पुन्हा दोऱ्याने टाचलेली होती, मी शिवणारी बाई आहे, मला टाका लगेच कळतो, कारखान्याचा टाका एकसारखा असतो आणि हा हाताने घातलेला होता. तो कुणी आणि कुठे घातला ते मला माहीत नाही आणि मी कुणावर आरोप करत नाही.

एकूण २४१.५ किलो. मग एक रिकामं बारदान मोजलं, ५६० ग्रॅम, पाचांचे २ किलो ८०० वजा केले तर तांदूळ २३८ किलो ७००. म्हणजे ११ किलो ३०० ग्रॅम कमी. शंभर ग्रॅमने भाग दिला तर ११३ पोरांचं जेवण. आमच्या शाळेचे जवळजवळ दोन दिवस, एका खेपेत. बारदान वजा करायला विसरू नका, हिशोबात तेच निसटतं.

सरांनी पावतीवर छापील ओळ खोडली आणि लिहिलं, प्रत्यक्ष वजन करून २३८.७ किलो प्राप्त, ११.३ किलो कमी, आणि मग सही केली. आम्ही चौघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या, काट्याच्या आकड्याचे फोटो घेतले. दुसऱ्या दिवशी समितीचा ठराव करून पावतीच्या प्रतीसकट अधीक्षकांना पत्र दिलं, एक प्रत जिल्ह्याला रजिस्टर पोस्टाने. जुन्या खेपांबद्दल काही लिहिलं नाही, कारण तेव्हा मोजलेलंच नव्हतं आणि सिद्ध करता येणार नव्हतं. मला याची हळहळ वाटते. वर्षभराच्या पोत्यांचा अंदाज केला की झोप येत नाही.

इंधन भाजीपाल्याचे पैसे २७ डिसेंबरला आले होते, सप्टेंबरपर्यंतचे. आमच्या अर्जामुळे आले असं मी म्हणणार नाही, सगळ्याच शाळांचे आले. भाजीवाल्याची उधारी फिटली. पण जानेवारीच्या अखेरीस निर्णय आला की अंड्यांसाठी आणि साखरेसाठी सरकार वेगळे पैसे देणार नाही, लोकसहभागातून करा. आमच्या गावात लोकसहभाग म्हणजे तीच माणसं ज्यांची पोरं ते जेवण जेवतात. मला हे पटत नाही आणि समितीने तसं पत्र दिलेलं आहे.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगते. तिकिटं १० + १० + २०, झेरॉक्स आणि रजिस्टर पोस्ट मिळून १०० च्या आत, तालुक्याला आठ खेपा, बायकांना एसटी अर्ध्या तिकिटात असल्यामुळे येऊन-जाऊन ३४ रुपये, म्हणजे २७२. सगळं मिळून चारशेच्या आसपास. बुडालेले आठ दिवस वेगळे, आणि तेच खरे महाग पडतात, म्हणून एकटीने करू नका, समितीतल्या दोघी-तिघींनी खेपा वाटून घ्या.

११ मार्चला पुढचा टेम्पो आला. तोच ड्रायव्हर, पण यावेळी त्याने आधी काटा खाली उतरवला, हिरव्या रंगाचा नवा काटा होता, आणि सोबत एक छोटी पिशवी, मागच्या वेळची तूट म्हणून साडेअकरा किलो. पाचही पोती बारदानासकट साडेपन्नासच्या वर भरली. मावशी दारात उभ्या राहून प्रत्येक आकडा बघत होत्या, शेवटचं पोतं उतरल्यावर आत गेल्या आणि त्या दिवशी त्यांनी तांदूळ मापाने घेतला.

त्यांचं स्वतःचं मानधन मात्र डिसेंबरपासून आलेलं नाही. त्याचा अर्ज मी १७ मार्चला दिलाय, एकच विषय, ६१ शब्द, पोच घेतली आहे. तीस दिवस १६ एप्रिलला संपतात.